पहिलारूसाठी वळू निवडताना: आधी कालवड सुखरूप मोकळी होऊ दे

पत्र थोडक्यात असं आहे: "आमच्याकडे जनावरांच्या शोसाठी वाढवलेल्या तीन कालवडी आहेत, तिन्ही मांसाच्या जातींच्या क्रॉस. त्यातली एक गेल्या सीझनला तिच्या वर्गात पहिली आली. तिला माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने अगदी लहानपणापासून सांभाळलंय. तिसरी इतर दोघींपेक्षा लहान आहे आणि मागून अरुंद वाटते. आता तिघी भरवायच्या (गाभण करायच्या) वयात आल्यात. मुलीचं म्हणणं, सध्या ज्याची वासरं रिंग गाजवतायत त्याच वळूची कांडी (गोठवलेलं वीर्य) वापरायची. आमचे एक जुने मित्र सांगतात, पहिल्या वेताला काव्हिंग ईझचाच (सोप्या विण्याचा) वळू लावा, बाकी काही बघू नका. आणखी एकजण म्हणतात, काही होत नाही, अडलीच तर ओढून काढू. दोन वर्षांपूर्वी आमची एक कालवड अडली होती, वासरू गेलं आणि ती पुन्हा गाभण राहिलीच नाही, त्यामुळे मला भीती वाटते. पण सोप्या विण्याचा वळू लावला तर वासरू किरकोळ निघेल, रिंगमध्ये कुणी वळूनही बघणार नाही आणि आमचं एक वर्ष वाया जाईल असंही वाटतं. जाहिरातीत तर जवळजवळ प्रत्येक वळूपुढे 'हिफर सेफ' (कालवडींना धोका नाही) लिहिलेलं असतं. भरवसा ठेवायचा तरी कशावर?"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मधेच एका ओळीत सांगून पुढे गेलात, ती म्हणजे ती कालवड पुन्हा गाभण राहिली नाही. वासरू गेलं की आपण वासरासाठी हळहळतो, ते साहजिकच आहे, पण अडलेल्या पहिलारूचं, म्हणजे पहिल्यांदा विणाऱ्या कालवडीचं, नुकसान तिथे संपत नाही. आतून इजा झालेली असते, जार वेळेत पडत नाही, गर्भाशयाला सूज येते, मग माजावर उशिरा येते आणि आली तरी गाभण न राहता उलटत राहते. त्यात पहिलारू अजून स्वतःच वाढत असते, म्हणजे दूध, वाढ आणि पुन्हा गाभण राहणं ही तिन्ही कामं एकाच खुराकातून करायची असतात, त्यामुळे गायीपेक्षा तिला सावरायला आधीच जास्त दिवस लागतात. तेव्हा "वर्ष वाया जाईल" असं जे तुम्ही लिहिलंय त्याचा हिशोब जरा उलट्या बाजूनेही करून बघा. थोडं साधं दिसणारं पण जिवंत वासरू आणि वेळेत माजावर आलेली आई, यात वर्ष गेलं असं मला तरी वाटत नाही. मेलेलं वासरू आणि भाकड झालेली चॅम्पियन, यात सगळंच जातं.

आता मुलीच्या म्हणण्याकडे येतो, कारण तिचं अगदीच चूक नाहीये. चांगल्या कालवडीला चांगला वळू हवाच. पण त्या नावाजलेल्या वळूची जी वासरं तुम्ही दोघी रिंगमध्ये बघताय ती कुणाच्या पोटातून आली हे कधी विचारलंय का? त्यातली बरीचशी मुरलेल्या, दोन-तीन वेतं झालेल्या गायींची असू शकतात, काही भ्रूण काढून मोठ्या धिप्पाड गायींच्या पोटात वाढवलेली असतील. आणि जी वासरं विताना गेली ती रिंगमध्ये येतच नाहीत, त्यांचा फोटो कुणी टाकत नाही. म्हणजे जिंकलेली वासरं बघून वळूबद्दल एक गोष्ट कळते, तो देखणी वासरं देतो. पहिलारूला तो झेपेल का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक लाल कालवड होती, रुंद पाठीची, केस इतके दाट की बोटं घातली तर आत जायची. मी वळू निवडला तो फोटो आणि कप बघून. ज्यांच्याकडून कांडी घेतली ते म्हणाले, कालवडींवर बिनधास्त वापरा, आणि मी किती कालवडींवर वापरलाय हा साधा प्रश्नही विचारला नाही. विण्याच्या रात्री पाणमोट फुटली, दोन खूर बाहेर आले आणि ते खूर बघूनच माझ्या पोटात गोळा आला, माझ्या मुठीएवढे होते. त्यांच्यामागे नाकाचं टोक दिसायचं, कळ आली की पुढे यायचं, कळ ओसरली की परत आत. मी वाट बघत राहिलो. होईल, होईल म्हणत जवळजवळ दोन तास घालवले, डॉक्टर आले तोपर्यंत वासराची जीभ बाहेर लोंबत होती, सुजून निळी पडलेली. वासरू ओढून काढलं पण मेलेलं. कालवडीच्या मांड्यांच्या आतली नस दबली होती, उठायला गेली की मागचे पाय फाकायचे, पाय एकमेकांना बांधून, खाली जाड पेंढा टाकून, दिवसातून चार वेळा कूस बदलवत आम्ही तिला नवव्या दिवशी उभी केली. ती जगली पण पुन्हा कधी रिंगमध्ये गेली नाही, तिची चालच बदलली. त्या रात्री जे चुकलं त्यात वळूची चूक काहीच नव्हती, तो मोठ्या गायींवर आजही कुणी वापरला तर मी नको म्हणणार नाही.

म्हणून तुमच्या जुन्या मित्राच्या बाजूने मी आहे, फक्त "बाकी काही बघू नका" हे त्यांचं मला पटत नाही. बाकीचं पण बघायचंच आहे, क्रम तेवढा बदलायचा.

पहिलारू अडण्याची कारणं बरीच असतात, पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे वासराचं जन्माचं वजन, आणि त्याच्यामागोमाग कालवडीच्या कंबरेच्या हाडांची चौकट किती मोकळी आहे ते. वासरू उलटं येणं, मान वळलेली असणं, एक पाय मागे राहणं, हे वळू कुठलाही लावला तरी होऊ शकतं, ते वळूवर ढकलू नका आणि काव्हिंग ईझचा वळू लावला म्हणजे ते होणार नाही असंही समजू नका. वळू निवडून आपण फक्त एक धोका कमी करतो, पण तो सगळ्यात मोठा आहे म्हणून एवढा आटापिटा.

लोकं वळूचं स्वतःचं जन्माचं वजन विचारतात, "34 किलोचा होता, म्हणजे सेफ." ही माहिती उपयोगाची आहे पण कच्ची आहे. तो वळू पहिलारूच्या पोटी जन्मला की मोठ्या गायीच्या, थंडीत की उन्हाळ्यात, आईला खायला काय होतं, यावर ते वजन हलतं. थंडीत जन्मलेली वासरं साधारणपणे जड भरतात, पहिलारूची वासरं मोठ्या गायींपेक्षा हलकी असतात. म्हणून जातींच्या संघटना जे ईपीडी (वळूची वासरं कशी निघतील याचा अंदाज देणारे आकडे) काढतात ते जास्त भरवशाचे, कारण त्यात नुसतं त्या वळूचं वजन नसतं, त्याच्या आईबापाचं, भावंडांचं आणि मुख्य म्हणजे त्याच्या वासरांचं सगळं रेकॉर्ड, हवामान आणि आईच्या वयाचा फरक वजा करून, एकत्र केलेलं असतं. यातला काव्हिंग ईझ डायरेक्ट हा आकडा आधी बघा. समजा एकाच जातीच्या दोन वळूंपैकी एकाचा 12 आहे आणि दुसऱ्याचा 4, तर सारख्याच परिस्थितीतल्या शंभर पहिलारूंमागे पहिल्या वळूच्या साधारण आठ जास्त कालवडी मदतीशिवाय वितील, असा त्याचा अर्थ. जन्माच्या वजनाचा वेगळा ईपीडी असतो पण तो या आकड्यात आधीच धरलेला असतो, त्यामुळे दोन्हीवर सारखाच जोर देऊन एकच गोष्ट दोनदा मोजू नका. आणि एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीच्या आकड्याशी सरळ ताडून बघायचा नसतो, अँगसचा 8 आणि सिमेंटलचा 8 एकच नव्हे, ही चूक फार जण करतात.

आकड्याच्या खाली अचूकता म्हणून एक छोटा आकडा असतो, शून्य ते एकच्या मधला. माझ्या मते पहिलारूसाठी तो मुख्य आकड्याइतकाच महत्त्वाचा. कोवळ्या वळूचा ईझ 14 दिसला आणि अचूकता 0.25 असेल, तर वासरं पडायला लागल्यावर तो आकडा कुठेही सरकू शकतो. जुना, खूप वासरं झालेला वळू, ईझ 10 आणि अचूकता 0.85, मी डोळे झाकून हा दुसरा घेईन. नवीन वळू वापरून बघायची हौस मोठ्या गायींवर भागवा.

आता तुमची खरी अडचण मला कळते. शोसाठी जे क्रॉस वळू चालतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे असे आकडेच नसतात, किंवा असले तरी अचूकता नावालाच. तिथे मग "हिफर सेफ" हे दोन शब्द येतात. हे शब्द लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामागे नक्की किती कालवडी आहेत ते विचारल्याशिवाय त्याला किंमत देऊ नका. फोन करा आणि विचारा, पहिलारूंपासून आजवर किती वासरं झाली, तराजूवर तोललेली वजनं किती जणांची आहेत, किती जणी आपल्या आपण व्याल्या, किती ओढाव्या लागल्या, सिझेरियन झालं का, गाभणपणाचे दिवस किती गेले. साधारण 283 दिवस धरतात, पण एखाद्या वळूची वासरं चार-पाच दिवस आधी येतात तर एखाद्याची आठवडाभर उशिरा, आणि शेवटच्या दिवसांत पोटातलं वासरू रोज जवळपास अर्धा किलो चढतं, तेव्हा हा प्रश्न वाटतो तेवढा फुकटचा नाही. विकणाऱ्याने अडचणीची एखादी तरी गोष्ट आपणहून सांगितली तर मला त्या माणसाचा उलट भरवसा वाटतो. पन्नास कालवडींवर वापरला आणि दोन ओढाव्या लागल्या असं सांगणारा बरा, "कधीच काही प्रॉब्लेम नाही" म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा वही नसते. शक्य झालं तर ज्यांनी ती कांडी वापरलीये अशा दोघातिघांशी स्वतः बोला.

अजून एक समजूत असते की वळूचे खांदे निमुळते, डोकं लहान, हाड बारीक असेल तर वासरू अलगद घसरून येतं. बघायला पटतं खरं. पण वासराचं वजन एकदा लक्षात घेतलं की त्याच्या आकारावरून विणं सोपं जाईल की अवघड याचा अंदाज फारसा सुधारत नाही, हे या विषयात काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. वळूकडे नजर टाकून सेफ-अनसेफ ठरवू नका, मीही तेच केलं होतं.

आता वासरू किरकोळ निघण्याची भीती. यात थोडं तथ्य आहे, ते मी लपवणार नाही. जन्माचं वजन आणि पुढची वाढ यांचं नातं आहे, आणि रिंगमध्ये जे जाड हाड, रुंद छाती, भरलेला पुठ्ठा लोकांना आवडतो तेच विताना आड येतं. पण हे नातं घट्ट नाही. हलकं जन्मून नंतर झपाट्याने वाढणारी वासरं देणारे वळू मुद्दाम शोधून, निवडून तयार केले गेलेत, जन्माचं वजन कमी आणि दूध तोडतानाचं, वर्षाचं वजन चांगलं असे आकडे असलेला वळू यादीत सापडतो. म्हणून मी म्हणतो ते क्रमाचं: आधी ईझ आणि अचूकता यांची एक किमान रेघ ठरवा, त्या रेघेच्या खालचे वळू कितीही देखणे असोत बाजूला काढा, आणि मग जे उरतील त्यांच्यात मुलीला तिच्या नजरेने निवडू द्या, पाय, चाल, पाठ, केस, सगळं. तिची नजर चांगली आहे असं दिसतंय, ती तिथे कामी येईल.

आणि रेघेच्या वरच्या बाजूलाही फार ताणू नका. सगळ्यात हलकं वासरू देणारा वळू म्हणजे सगळ्यात चांगला असं नाही. फारच लहान वासरू थंडीत पटकन गारठतं, उठून सड धरायला वेळ लावतं. शिवाय पिढ्यान्पिढ्या फक्त हलक्या जन्माच्या वजनामागे लागलं तर कालवडीच बारक्या होत जातात, कंबर अरुंद होते आणि ज्या त्रासातून सुटायला निघालो तोच परत दारात येतो. म्हणून वासरी निघाली तर ठेवायचा विचार असेल तर मॅटर्नल काव्हिंग ईझचा वेगळा आकडा असतो, त्या वळूच्या मुली स्वतः पहिल्यांदा विताना कशा वितील ते सांगणारा, त्यावर एक नजर टाका.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही आणि त्याने मला जरा काळजी वाटली. अर्धं वासरू कालवडीचं असतं. तिचं स्वतःचं जन्माचं वजन किती होतं, तिची आई कशी व्याली होती, तिच्या बापाची वासरं जड येतात का? चॅम्पियन कालवड स्वतःच 45 किलोची जन्मली असेल तर तिच्याकडूनही वजनाचेच जीन्स येणार, अशा वेळी वळू मी अजून कडक निवडेन. तिघींना एकच वळू लावायची काही गरज नाही, प्रत्येकीची वेगळी पाटी मांडा.

आणि डीएनए टेस्ट. शोच्या क्रॉस जनावरांमध्ये हे टाळू नकाच. शॉर्टहॉर्न आणि मेन-अंजू रक्ताच्या ओळींमध्ये टीएच आणि पीएचए असे दोन जन्मदोष आलेत. टीएचमध्ये वासराच्या मागच्या पायांची हाडं नीट बनत नाहीत, पोट उघडं राहतं, ते जगत नाही. पीएचएमध्ये फुप्फुसं तयारच होत नाहीत आणि वासराच्या अंगात पाणी भरून ते प्रचंड फुगतं, अशा वासरापायी आईचाही जीव जाऊ शकतो, पहिलारूचा तर जास्तच. अँगसमध्ये एएम म्हणून एक दोष 2008 मध्ये उघडकीला आला, त्यात वासराचा कणा वाकडा आणि सांधे आखडलेले असतात. हे तिन्ही दोष असे की सदोष जीनची एकच प्रत असलेलं जनावर (कॅरियर) वरून धडधाकट दिसतं, पण वळू आणि कालवड दोघंही कॅरियर निघाले तर दर वेताला चारात एक अशी शक्यता असते. वळूचा रिपोर्ट विकणाऱ्याकडे मागा, नसेल तर वळू सोडून द्या. आणि तिन्ही कालवडींचे शेपटीचे केस मुळासकट उपटून लॅबला पाठवा, या कामाला मुलीलाच लावा. डबल मसलचा (अंगावर जास्तीचं मांस चढवणारा) जीनही त्यातच बघून घ्या, त्याची एक प्रत असली तरी वासरू जड येऊ शकतं, आणि दोन प्रतींचा परिणाम बघायचा तर बेल्जियन ब्लू आहेच, त्या जातीत सिझेरियन ही नेहमीची गोष्ट झालीये.

बरं, वळू अगदी बरोबर निवडला आणि कालवड तयार नसेल तरी अडणारच. शोची कालवड म्हटलं की माझी पहिली काळजी चरबी. रिंगसाठी चढवलेलं मांस छान दिसतं पण चरबी विण्याच्या मार्गातही साठते, आणि अति लठ्ठ कालवडी मुळात गाभण राहायलाही त्रास देतात. भरवताना कालवडीने तिच्या मोठेपणीच्या वजनाच्या 60 ते 65 टक्के गाठलेले असावेत आणि विताना साधारण 85 टक्के, म्हणजे 600 किलोची गाय होणार असेल तर भरवताना 360 ते 390 आणि विताना 510 च्या आसपास. शोचा सीझन संपला की खुराक हळूहळू उतरवा, एकदम बंद करू नका, तिला मोकळ्या रानात सोडा, चालू द्या, चढउतार करू द्या. पण गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वासरू लहान राहावं म्हणून उपाशी ठेवायचं हा जुना उपाय अजिबात करू नका, त्याने वासरू थोडंसं हलकं होतंही पण अडण्याचं प्रमाण काही कमी होत नाही, कालवड मात्र अशक्त होते, कळा द्यायला ताकद उरत नाही, चीक कमी आणि पातळ येतो, पुढे माजावर यायलाही उशीर.

भरवायच्या आधी महिना-दीड महिना डॉक्टरांना बोलवून तिघींच्या कंबरेच्या हाडांची आतून मापं घ्यायला सांगा, गर्भाशय नीट वाढलंय का तेही तेव्हाच कळतं. या मापाचा उपयोग अगदी अरुंद असलेली कालवड ओळखून बाजूला ठेवण्यापुरताच करा. माप मोठं आलं म्हणून जड वळू लावायची सूट मिळाली असं नाही, कारण मोठ्या मापाची कालवड बहुतेक वेळा अंगानेही मोठीच असते आणि तिचं वासरूही मोठंच येतं.

मुलीला त्या नावाजलेल्या वळूचं वासरू तिच्याच कालवडीपासून हवं असेल तर त्याला रस्ता आहे. कालवडीकडून भ्रूण घ्यायचे, त्या वळूचे, आणि ते चांगल्या मोठ्या, दोन-तीन वेतं झालेल्या गायींच्या पोटात ठेवायचे. गायीची चौकट मोठी, अनुभव मोठा, त्यामुळे जड वासरूही तिथे झेपण्याची शक्यता बरीच जास्त. खर्च आहे, दरवेळी भ्रूण मिळतीलच असं नाही, मिळालेले सगळे टिकतील असंही नाही, आणि एका कालवडीसाठी हे परवडतं का ते तुमचं तुम्हीच ठरवा. दुसरा रस्ता थांबण्याचा. पहिलं वेत सोप्या वळूचं, दुसरं त्या वळूचं, तेव्हा कालवड गाय झालेली असेल आणि मुलगी सोळा-सतराची. मला हा जास्त आवडतो.

तिसरा पर्याय सेक्स्ड कांडीचा, काव्हिंग ईझच्याच वळूची, वासरी देणारी. वासरी सरासरीने गोऱ्ह्यापेक्षा दोनेक किलो हलकी असते आणि तुम्हाला पुढे शोला नेता येईल अशी वासरी मिळण्याची शक्यता वाढते. फक्त या कांडीने राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं, त्यामुळे ज्या कालवडीचा माज ठळक आणि वेळच्या वेळी येतो तिच्यावरच वापरा.

आता "ओढून काढू" म्हणणारे. त्यांच्यावर मला राग नाही, वेळेवर आणि नीट ओढलेली कितीतरी वासरं जगतात. पण ओढायचं हे आधीच गृहीत धरून वळू निवडणं मला अजिबात मान्य नाही, त्याची किंमत ती कालवड चुकवते. तरी तयारी ठेवावीच लागेल, म्हणून वेळेचं तेवढं पक्कं लक्षात ठेवा. सुरुवातीची बेचैनी, उठबस, शेपूट वर धरणं, हे पहिलारूत दोन ते सहा तास, कधी जास्तही चालतं, तेव्हा लांबूनच लक्ष ठेवा, सारखं जवळ जाऊन छेडू नका. पाणमोट किंवा खूर दिसले की घड्याळ बघा. नंतर दर अर्ध्या तासाला काहीतरी पुढे सरकलेलं दिसलं पाहिजे, आणि तासाभरात वासरू आलं नाही तर हात धुऊन तपासायचं किंवा डॉक्टरांना फोन करायचा, दोन तास नाही. खुरांचे तळवे वरच्या बाजूला दिसले तर बहुतेक वासरू उलटं आहे, ताबडतोब फोन. ओढायचं झालं तर कळ येईल तेव्हाच ओढा, भरपूर वंगण लावा, दोन माणसांच्या जोराने डोकं आणि खांदे पुढे सरकत नसतील तर थांबा, पुढचं काम डॉक्टरांचं. ट्रॅक्टर, गाडी, असलं काही नाव काढू नका. वासरू आलं की शक्यतो पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, अडून आलेलं वासरू थकलेलं असतं, आपणहून सड शोधत नाही, तेव्हा काढून पाजा. एक छोटी गोष्ट सांगतो, शेवटच्या काही आठवड्यांत चारा सकाळी टाकण्याऐवजी संध्याकाळी उशिरा टाकला तर जास्त जणी दिवसा वितात. माझ्याकडे याने रात्रीची जागरणं बरीच कमी झाली.

तुमच्या तिघींबद्दल माझं मत विचाराल तर चॅम्पियन कालवडीला आकडे आणि अचूकता दोन्ही असलेला, जुना, सिद्ध झालेला काव्हिंग ईझचा वळू, तिथे मी कणभरही धोका घेणार नाही. दुसरी मापात मोकळी आणि हलक्या जन्माची निघाली तर तिला शोच्या ओळीतला पण पहिलारूंवर भरपूर वापरलेला, वजनांची वही असलेला वळू चालेल. तिसरीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती इतर दोघींपेक्षा लहान आहे आणि मागून अरुंद वाटते. तिला या सीझनला भरवूच नका असं सांगायची वेळ येऊ शकते, तिचं माप घेतल्यावरच बोलू. माप आणि तिघींची वजनं आली की कळवा, आणि मुलीला म्हणावं वळूंची यादी तिनेच करून पाठव, फोटो असले तरी चालतील, पण प्रत्येकाच्या नावापुढे पहिलारूंपासून किती वासरं तोललीत तो आकडा लिहायचा.